राखेतला पांढरा गोळा

तो गोळा आजही मधूनच माझ्या तळहातावर येऊन बसतो. आवळ्याएवढा, पांढरा, इतका गुळगुळीत की त्यावर बोट ठरत नाही. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत डोकं फोडून घेतलं. तरी कुणी एखादी आठवण सांगा म्हटलं की मी त्या गोळ्यापासूनच सुरुवात करतो. वरिष्ठांच्या लेखी ती केसच नव्हती. हे मला अजून पचलेलं नाही. पण ते शेवटी.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. हिंगोली तेव्हा जिल्हा नव्हता, आमचा सगळा कारभार परभणीच्या हाताखाली. मी कळमनुरी तालुक्यात फौजदार होतो. शिपाई म्हणून भरती झालो आणि खात्याच्या परीक्षा देत वर चढलो. थेट फौजदार झालेले लोक आम्हाला 'खालून आलेले' म्हणायचे. म्हणोत. माझा बाप बैलबाजारात दलाल होता आणि मी जे शिकलो ते बैलांच्या शेपट्यांमागे उभा राहून शिकलो. बैलाचा सौदा तोंडाने होत नाही. दोघं रुमालाखाली एकमेकांचा हात धरतात आणि बोटं दाबून भाव सांगतात. भोवती जत्रा उभी असली तरी कुणाला काही कळत नाही. ज्याला घाई असते तो हरतो आणि जो बोलतो तो जास्त हरतो.

आखाडा बाळापूरच्या आठवडी बाजारात मी बंदोबस्ताला उभा होतो. जवळच्या एका गावचे पोलीस पाटील समोर आले. हातात पिशवी नाही, म्हणजे बाजार करायला आलेले नाहीत हे दिसतच होतं.

"साहेब, जरा तिकडं लिंबाखाली येता का?"

"इथं काय काटे आहेत?"

"काटे न्हाईत, कान हायत."

लिंबाखाली त्यांनी सांगितलं ते असं. गावातली हाडवाली माय आठवडाभर तापाने आजारी होती, ती वारली. तिला मी ओळखत होतो. आसपासच्या गावांत तिला कोण ओळखत नव्हतं? निखळलेला खांदा, मुरगळलेला घोटा, मोडलेलं मनगट, सगळं तिच्या ओसरीवर बसत असे. बांबूच्या कामट्या, जुन्या लुगड्याच्या पट्ट्या आणि हळदीचा लेप, एवढंच तिचं औषध. तिसऱ्या दिवशी लोक राख सावडायला गेले तेव्हा राखेत हाडांच्या तुकड्यांबरोबर एक पांढरा गोळा निघाला.

"जळला न्हाई, तडकला न्हाई. पुसला तर काचंवानी चमकून राहिला. अन् त्याला खालून एक भोक. लोक म्हणते सुनंनं भानामती केली. मायच्या आंगात गोळा भरला अन् त्यानंच माय गेली."

"सुनेवरच काहून?"

पाटील बोटांवर मोजू लागले. मायला शेवटची आंघोळ घालताना सुनेने दुसऱ्या एकाही बाईला आत येऊ दिलं नव्हतं, ही पहिली गोष्ट. दुसरी गोष्ट अशी की राख सावडण्याच्या दिवशी, गावाच्या आधी, पहाटे ती एकटी मसणवट्यात काठीने राख उकरताना दिसली होती. आणि हे सगळं तोंडावर विचारलं तर ती गप्प. व्हय नाही, न्हाई नाही.

"दहाव्याला बाहेरून मांत्रिक आणून राहिले, साहेब."

याचा अर्थ मला माहीत होता. आमच्या भागात तेव्हा अशी समजूत होती की भानामती करणारीचे पुढचे दात पाडले की तिच्या मंत्राचा जोर जातो. दात पाडलेल्या दोन बाया मी नोकरीत पाहिल्या होत्या. दोघींनीही कुणाचं नाव सांगितलं नव्हतं.

"तुम्ही सांगायला का आलात?" मी विचारलं.

"माझ्या मालकिणीचं मनगट त्या सुनंनंच बसवलंय. मायनं तिला सगळं शिकवलं व्हतं. असल्या हाताची बाई भानामती करंल, हे माझ्या मनाला पटंना."

मी जमादाराला घेऊन गावात गेलो. गोळा लाल फडक्यात बांधून, वर लिंबू-मिरच्या लावून मसणवट्यातल्या झाडाला टांगला होता. मी तो सोडला आणि हातात घेतला. जमादार दोन पावलं मागे सरला.

"साहेब, उघड्या हातानं नका."

"मग काय चिमट्यानं धरू? पंचनामा लिही."

पंच म्हणून बोलावलेले दोघे गोळ्याकडे पाठ करून उभे राहिले. न पाहिलेल्या वस्तूच्या पंचनाम्यावर सही करायला त्यांची काही हरकत नव्हती. माझी होती. मी आवाज चढवला, तेव्हा त्यांनी एका डोळ्याने पाहिलं आणि सह्या केल्या. पुढे ठाण्यात तो मुद्देमालाच्या कपाटात ठेवला, तर पहाऱ्याचा शिपाई खुर्ची उचलून व्हरांड्यात जाऊन बसला. बंदुकांच्या शेजारी निवांत झोपणारा माणूस तो.

तक्रार देणारा गावातलाच एक शेतकरी होता, पन्नाशीचा, बोलण्यात फटकळ. सुनेविरुद्ध सगळ्यांत मोठा आवाज त्याचाच. चावडीवर माणसं जमली होती. तिथेच मी त्याच्याशी सौदा केला.

"दहाव्यापर्यंत गोळा माझ्या ताब्यात. तोवर बाईच्या अंगाला कुणी बोट लावायचं नाही. दहाव्याला याच चावडीवर मी सांगतो हा गोळा कशाचा."

"अन् न्हाई सांगता आलं तर?"

"तर आणखी मुदत मागीन."

"ह्यो कसला सौदा, साहेब?"

"सरकारी."

माणसं हसली. हसलेली गर्दी थोडी मऊ पडते. मांत्रिकाला मी वेशीवरच अडवू शकत होतो, पण शिपाई किती दिवस बसवून ठेवणार? बंदोबस्त उठला की बाई पुन्हा त्याच लोकांच्या हातात. तिला वाचवायचं तर गोळ्याचं खरं कारण गावासमोर ठेवणं भाग होतं. प्रेत जळून गेलेलं, त्यामुळे शवविच्छेदनाचा प्रश्नच नव्हता. तक्रारीवरून अकस्मात मृत्यूची नोंद घेतली आणि तपास माझ्याकडेच ठेवला.

आधी तो गोळा घेऊन बाळापुरात लोहाराकडे गेलो. त्याने उलटसुलट पाहिला. म्हणाला, संगमरवर नाही, हस्तिदंत तर नाहीच, तो जळून गेला असता. मग त्याने कानस लावली. चांगली चारदोन वेळा जोर करून घासली आणि थांबला.

"मायला, गोळा न्हाई घासून राहिला, माझी कानसच घासून राहिली!"

खरंच. गोळ्यावर फक्त एक करडी रेघ उमटली होती आणि ती कानशीच्या लोखंडाची होती. मी त्याला भोकात पाहायला सांगितलं. भोक आत जाताना एकसारखं निमुळतं होत गेलं होतं, आतून काचेसारखं साफ. लोहार म्हणाला, हे हाताचं काम नव्हे, हे कुठल्यातरी मोठ्या यंत्राचं काम.

परतताना मी जमादाराला म्हणालो, "भानामती करणाऱ्या बाईकडे यंत्र कुठलं रे? निमुळतं भोक कशासाठी पाडतात?"

"काहीतरी ठोकून बसवाया, साहेब. कुदळीचा दांडा बसवतो तसं."

"मग दांडा कुठंय?"

जमादार विचारात पडला. मी नाही पडलो. पहाटे ती बाई राखेत काहीतरी शोधत होती. तिला दांडा सापडला असेल आणि गोळा राहून गेला असेल. म्हणजे तिने राखेत काही टाकलं नव्हतं, राखेतून काही काढून नेलं होतं.

बाईमाणसाला चौकशीला ठाण्यात बोलवायचं नाही, तिच्या राहत्या घरीच विचारायचं, असा कायदा. पाटलांच्या मालकिणीला बरोबर घेऊन मी तिच्या ओसरीवर गेलो. तिशीच्या आतली बाई, अंगाने बारीक, हाताची बोटं मात्र लांब आणि मजबूत. नवरा एस.टी.त ड्रायव्हर, वसमत डेपोला. आईच्या दिवसांसाठी घरी आलेला. तो खांबाला टेकून उभा होता आणि बायकोकडे पाहायचं टाळत होता. गावाच्या आधी त्यानेच तिची साथ सोडली होती, असं मला वाटलं आणि माझं डोकं फिरलं.

"तू काय बघतोस जमिनीकडं? तुझी बायको आहे का जमीन?"

तो म्हणाला, "साहेब, मला काई ठावंच न्हाई. आई भावाकडं जर्मनीला गेली व्हती. तिकडं बर्फात पडली. पाय मुरगळला, पट्टा बांधला, असं तिनंच सांगितलं."

मोठा भाऊ जर्मनीत कारखान्यात इंजिनिअर होता, हे गावाला माहीत होतं. त्याला तार केली असती, पण उत्तर दहाव्याच्या आत येईल याचा भरवसा नव्हता.

मी सुनेला विचारलं, "पहाटे मसणवट्यात काय शोधत होतीस?"

गप्प.

"आंघोळ घालताना बायांना का अडवलंस?"

गप्प. मी ओसरीच्या फळीवर हात आपटला, वर ठेवलेला तांब्या खाली आला. पाटलांच्या मालकिणीने मला दटावलं, "साहेब, हे काय ठाणं न्हाई." बाई मात्र हलली नाही. तांब्या उचलून तिने जागेवर ठेवला आणि पुन्हा बसली. घाबरलेला माणूस असा बसत नाही. हा बसलेला माणूस कसलातरी माल राखतोय, हे बाजारात वाढलेल्याला कळतं.

तेवढ्यात माझं लक्ष भिंतीलगतच्या उंच स्टुलाकडे गेलं आणि मला माय आठवली. वर्षभरापूर्वी मोटारसायकलवरून पडून माझा खांदा निखळला होता. मी याच ओसरीवर आलो होतो. माय त्या स्टुलावर बसली होती, एक पाय पुढे लांब करून. मी ओरडलो तर म्हणाली, "फौजदार असशील तुझ्या ठाण्यात. इथं बोंबलायचं आसंल तर भायेर जाऊन बोंबल, माझ्या बकऱ्या बुजतेत." आणि मी हसायला लागलो त्याच क्षणी तिने खांदा बसवला. जन्मभर जमिनीवर उकिडवं बसून हाडं बसवणारी बाई, जर्मनीहून आल्यापासून स्टुलावर बसते. गाव म्हणायचं, म्हातारी मडमीण झाली. मीही तेच म्हटलं होतं.

ती खाली बसत नव्हती, कारण तिला खाली बसताच येत नव्हतं.

मी आवाज उतरवला. "पोरी, सासूनं तुला शपथ घातली होती का? कुणाला बोलायचं नाही म्हणून?"

तिने पहिल्यांदा वर पाहिलं.

मग मी खांद्यावरचा पंचा काढला, ओसरीवर पसरला आणि गोळा त्याखाली सरकवला. "मी बैलबाजारातला माणूस आहे. आमच्यात तोंडानं सांगत नाहीत. मी काही विचारत नाही, तू काही बोलू नकोस. या गोळ्याचा जोडीदार तुझ्याकडं असला तर या पंच्याखाली ठेव. मी तिकडं बघतो."

मी बकऱ्यांकडे पाहत बसलो. मग ती उठल्याचा आवाज आला, बांबूच्या कामट्यांची जुडी सोडल्याचा आवाज आला. पंचा सळसळला आणि त्याखाली एक बारीक टक् झाली.

पंचा उचलला. सुरीच्या पात्यासारखा खाली निमुळता होत गेलेला, वर मान तिरकी वळलेला एक धातूचा दांडा होता, विस्तवाने काळपट पडलेला. आणि त्या तिरक्या मानेवर पांढरा गोळा असा बसला होता, जणू तिथेच उगवला. हाडं बसवणारीनेच तो बसवला होता.

पाटलांच्या मालकिणीने तोंडाला पदर लावला. "अगं बाई, हा तर खुबा हाय!"

नवरा खांब सोडून खाली बसला. नंतर बायकोजवळ सरकला, हे मी पाहिलं.

आता गुपित उघडं झालं तेव्हा बाई बोलली. बर्फात पडून मायच्या मांडीचं हाड खुब्यात मोडलं होतं. जर्मनीच्या डॉक्टरांनी हाडाचं मोडलेलं डोकं काढून त्या जागी हे दांड्यावरचं चिनीमातीचं डोकं बसवलं, असं मायने तिला सांगितलं होतं. मायला त्याची लाज नव्हती, तिला भीती होती. जिचं स्वतःचं हाड डॉक्टरने बसवलं, तिच्या हातावर कोण विश्वास ठेवील? आणि तोच हात ती सुनेला देऊन जाणार होती. खुब्यावरचा व्रण सुनेशिवाय कुणाच्या नजरेला पडला नव्हता. म्हणून शेवटची आंघोळ एकटीने, म्हणून पहाटे मसणवट्यात. दांडा सापडला, पण गोळा त्यापासून सुटून राखेत खोल गेला होता. माणसांची चाहूल लागली आणि तिला परतावं लागलं.

"मी हे चावडीवर दाखवतो," मी म्हणालो. "संपलं प्रकरण."

"न्हाई."

"अगं, दात पाडायला निघालेत तुझे!"

"दात माझे हायत, साहेब. नाव तिचं हाय. माझ्या वस्तूचा सौदा मी करीन. तिच्या वस्तूचा कसा करू?"

आयुष्यात मी पुष्कळ सौदे केले. समोरच्याने असा भाव सांगितला की मला पुढे बोलता आलं नाही, असं तेवढ्या एकदाच झालं. राग आला, तो कुणावर काढावा हे कळेना, म्हणून अंगणात थांबलेल्या जमादारावर उगाच ओरडलो.

मग डोक्यात आलं, तक्रारदार उगाच एवढा ओरडत नसणार. मी पाटलांच्या मालकिणीला विचारलं, "त्या तक्रारदाराचं मायशी वाकडं कशावरून?"

"त्याची म्हातारी माय माळवदावरून पडली, साहेब. खुबाच मोडला. तो तिला बाजंवर घालून हितं घेऊन आला. हाडवाल्या मायनं हात लावला न्हाई. म्हणाली, नांदेडला मोठ्या दवाखान्यात ने. त्यानं मनात अढी धरली. जर्मनीहून आली अन् गरिबाचा पाय हातात धरंना, म्हणून. नांदेडलाबी नेलं न्हाई. तवापासून म्हातारी खाटंवरच हाय."

मी सुनेकडे वळलो. "ऐकलंस? तुझ्या सासूनं त्याला खरं तेच सांगितलं. फक्त का ते सांगितलं नाही. तिच्या नावाची किंमत दुसरीच म्हातारी खाटेवर पडून भरतेय."

तिने तो जोडलेला दांडा पंच्यात गुंडाळला आणि माझ्यापुढे सरकवला. म्हणाली, "त्यांना सांगा. फकस्त त्यांना. मंग ते ठरवतील ते."

तक्रारदाराला मी एकट्याला बोलावलं. आला तोच तावात. "काय साहेब, झाली का मुदत?"

मी दांडा आणि गोळा त्याच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. त्याने गोळा दांड्यावर फिरवून पाहिला. पुन्हा फिरवला. शेतकऱ्याचा हात, त्याला बैलगाडीचा आस कळतो, खुबाही कळला.

"म्हंजे तिला ठावं व्हतं," तो हळू म्हणाला. "हे हाताच्या कामाचं न्हाई, हे तिला ठावं व्हतं. तिनं मला रस्ता दाखवला, अन् म्या तिला शिव्या घातल्या."

मीही मनात अढी धरणारा माणूस. अढी धरलेल्याचा चेहरा सुटतो कसा, हे मी तेव्हा जवळून पाहिलं.

दहाव्याला चावडीवर गाव जमलं. मांत्रिक आला नाही. तक्रारदारानेच त्याला निरोप पाठवून परत फिरवलं होतं. मी गोळा वर धरला, दांड्यावर बसवून दाखवला आणि म्हणालो, "ही चिनीमाती आहे. कपबशीच्याच घराण्यातली, पण हजारपट घट्ट. जर्मनीच्या डॉक्टरांनी मायच्या खुब्यात बसवली होती. भानामती वगैरे काही नाही."

मग मागून एकाने हसत टोमणा मारला, "म्हंजे हाडवालीचं हाड डॉक्टरनं बसवलं व्हय?"

चारपाच जण हसले. मला ज्याची धास्ती होती तेच होत होतं. सून कोपऱ्यात बायांमध्ये बसली होती, तिने मान खाली घातली. मी तोंड उघडणार एवढ्यात तक्रारदार उठला.

"काहून दात काढून राहिला रे? न्हावी सोताची हजामत सोताच करतो व्हय? दुसऱ्या न्हाव्यापुढंच बसतो ना? मंग तो न्हावी न्हाई राहात का? तुझा खांदा कोणं बसवला व्हता? तवा जर्मनी आठवली न्हाई!"

आता गाव हसलं ते टोमणा मारणाऱ्याला. एक म्हातारा म्हणाला, "बराबर हाय." दुसरा म्हणाला, गोळा जरा इकडं द्या, बघू. आणि ज्या गोळ्याकडे पंच पाठ करून उभे राहिले होते, तो गावभर हातोहात फिरला. बायांनी तो गालाला लावून पाहिला. कुणीतरी म्हणालं, मायचा खुबा राणीसारखा व्हता बघा. एवढं जपलेलं ते गुपित. गावाने ते कौतुकाने पोटात घेतलं.

तक्रारदार सुनेपुढे जाऊन उभा राहिला. तीच बोलली.

"काका, तुमच्या मायला उद्याच नांदेडला न्या. गाडीत नुसतं निजवू नका, पाय हलंल. मी सकाळी येऊन कामट्या बांधून देते."

दुसऱ्या दिवशी तिने बांधलेल्या कामट्यांत ती म्हातारी नांदेडला पोचली. चिनीमातीचा गोळा तेव्हा आपल्याकडे कुठला? तिथल्या डॉक्टरांनी पोलादाचा बसवला. ती काठी घेऊन चालू लागली आणि मुलाला शिव्या देत गावभर फिरू लागली, म्हणजे पूर्ण बरी झाली.

मीही तो गोळा त्या डॉक्टरांना दाखवला. त्यांनी असला फक्त पुस्तकात वाचला होता. भाजून घट्ट केलेलं अॅल्युमिनाचं, म्हणजे अॅल्युमिनियमच्या भस्माचं, भांडं समजा, म्हणाले. झिजत नाही, गंजत नाही आणि शरीर त्याला परकं मानत नाही. तो ज्यात फिरायचा ती वाटी प्लास्टिकची असणार, ती जळून गेली. धातू विस्तवात फुगला, मग आकसला, तेव्हा गोळा सुटला असावा. तो फुटला नाही हे नशीब. मी मनात म्हटलं, फुटला असता तर दातांवर बेतलंच नसतं. मग वाटलं, तर ती दुसरी म्हातारी खाटेवरच राहिली असती.

अकस्मात मृत्यूचं प्रकरण निकाली निघाल्यावर मुद्देमाल वारसाला परत दिला. सुनेने तो नदीत सोडला नाही. ओसरीवर कामट्यांच्या जुडीशेजारी ठेवला. खुबा मोडलेलं माणूस कुणी घेऊन आलं की ती गोळा हातात द्यायची आणि सांगायची, "हे माझ्या सासूचं. हे आमच्या हातचं न्हाई, नांदेडला न्या." लोक न भांडता नेत. बाकीची हाडं ती बसवत राहिली, तीही स्टुलावर न बसता, पूर्वीच्या मायसारखी खाली उकिडवी बसून.

आता माझी तक्रार. त्या वर्षीच्या तपासणीत वरिष्ठांनी माझ्या या कागदांवर एक ओळ लिहिली: गुन्हा नाही, निकाली. त्याच दिवशी विहिरीवरचं चोरीचं इंजिन पकडणाऱ्या एका थेट भरतीच्या फौजदाराला बक्षीस मिळालं. इंजिन चोरीला गेलं म्हणून बक्षीस. एका बाईचे दात जागच्या जागी राहिले, त्याचा रकाना कुठल्याच तक्त्यात नव्हता. मी तिथेच बोललो, जरा मोठ्यानेच बोललो, आणि त्याची फळं पुढच्या बदलीत भोगली. आजही कुणी या विषयाला हात घातला की माझा चहा गार होतो.

पण ती केस मला एक शिकवून गेली, ते कुठल्या प्रशिक्षणात सांगितलं नव्हतं. गप्प बसणारा माणूस काहीतरी लपवत असतो, हे खरं. पण तो ते स्वतःसाठी लपवत असतो, असं पोलिसाने कधी धरून चालू नये. त्यानंतर कुणी समोर गप्प बसलं की टेबलावर हात आपटण्याआधी मी स्वतःला विचारू लागलो, हा कुणाचा माल राखतोय? पुष्कळदा उत्तर मिळालं. हात आपटणं मात्र पूर्ण सुटलं नाही.

आता माझाच उजवा खुबा झिजलाय. डॉक्टर म्हणतात, चिनीमातीचा गोळा बसवू, हल्ली तर मणक्यातल्या चकतीलासुद्धा असली सामग्री वापरतात, घाबरू नका. मी घाबरत नाही, मी घासाघीस करतो. नंतर मांडी घालून बसता आलं पाहिजे, असा मी आग्रह धरला. ते म्हणाले, मांडी विसरा. मी म्हणालो, अर्धी मांडी. ते हलले नाहीत. स्टूल घ्या, म्हणाले.

घरी येऊन मी माझ्या सुनेला बोलावलं. म्हटलं, "मी गेल्यावर राखेत एक पांढरा गोळा निघेल. त्याच्याबरोबरचा दांडाही शोध. आणि कुणी विचारलं तर गप्प बसू नकोस."

ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "बाबा, गप्प बसायचं ठरवलं तरी कसं बसणार? तुमी सकाळपासून सगळ्या गल्लीला सांगून बसलाय. आधी ऑपरेशन तर करून घ्या."

मग ती उठली, आतून उंच स्टूल आणून तिने माझ्यासमोर ठेवलं आणि त्यावरची धूळ पदराने पुसली.